पाच गुराबा आणि पंधरा गलबते

बुद्धिबळाच्या पटाच्या चार कोपऱ्यांत जे मोहरे उभे असते त्याला आपण हत्ती म्हणतो. बंगालमध्ये त्याच मोहऱ्याला नौका म्हणतात, आणि रशियन भाषेतही त्याचे नाव होडीचेच आहे. चाल तीच, सरळ रेषेत दूरवर मारा करण्याची ताकद तीच. पण गंगेच्या मुखाशी राहणाऱ्यांना त्यात नाव दिसली आणि आपल्याला हत्ती दिसला. देशावरच्या मंडळींचे एक वेळ समजू शकेल. परंतु ज्यांच्या परसापर्यंत समुद्राची गाज ऐकू येते, त्या आम्हा रत्नागिरीकरांनीही पटावर हत्तीच मांडावा, याची मला शाळकरी वयापासून मौज वाटत आली आहे. ज्या किनाऱ्यावर सुवर्णदुर्ग, जयगड, रत्नदुर्ग, पूर्णगड असे एकाहून एक दर्यावरचे किल्ले उभे आहेत, त्या किनाऱ्याच्या युद्धखेळात एकही गलबत नसावे!

आता पट बदलला आहे. युद्धाचा खेळ संगणकाच्या पडद्यावर आला, आणि प्रतिस्पर्धी समोरच्या पाटावर न बसता पोर्तुगालात नाहीतर ब्राझीलमध्ये बसू लागला. साठी ओलांडलेल्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला या खेळाचे वेड लागावे हे ऐकून वाचक हसतील. हसोत बापडे. वेड लावले ते माझ्या भाच्याने. तो पुण्यास संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. रात्री जेवणे उरकली की तो तिथून आणि मी रत्नागिरीहून एकाच समुद्रात जहाजे हाकतो. त्याच्या मामींच्या मते आम्हा दोघांचेही वय सारखेच आहे.

आमच्या या आवडत्या खेळाचे नाव ‘नेव्हल ॲक्शन’. तो २०१९ साली पूर्ण स्वरूपात बाहेर आला. काळ शिडाच्या जहाजांचा, आणि समुद्र कॅरिबियन बेटांभोवतीचा. यातील खरा राजा म्हणजे वारा. तो कोणत्या अंगाने येतो हे न पाहता सुकाणू फिरवणारा खेळाडू फार वेळ टिकत नाही. तोफांचे गोळेही निरनिराळ्या जातींचे. भरीव गोळा लाकूड फोडतो, साखळीचा गोळा शिडे आणि दोर कापतो, आणि छर्ऱ्यांचा मारा डेकवरील माणसे टिपतो. शत्रूचे जहाज पुरते लंगडे झाले की आपले त्याला भिडवून माणसे वर चढवायची. प्रत्येक जहाजाला आपापले कोष्टक: लाकडाची जाडी किती, खलाशी किती, वेग किती, वळायला वेळ किती, तोफा कोणत्या वजनाच्या. गणिताच्या मास्तराला आणखी काय हवे?

या जहाजांच्या यादीत एक नाव पाहून मी थबकलो. ‘ट्रिंकोमाली’. हे जहाज आपल्या मुंबईचे! वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली ते मलबारी सागवानात बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. त्याचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज १८१२ साली अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी गाठ पडून नष्ट झाले, म्हणून नकाशे पुन्हा पाठवावे लागले होते. आज ट्रिंकोमाली इंग्लंडात हार्टलपूल येथे जपून ठेवली आहे. अजून तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धजहाजांत ती सर्वांत जुनी. सागवान आपल्याकडचे, सुतार आपल्याकडचे, आणि निशाण मात्र इंग्रजांचे. ती पाण्यात उतरली त्याच्या पुढच्याच महिन्यात खडकीची लढाई झाली, एवढे सांगितले म्हणजे तो काळ कोणता हे ध्यानी येईल.

ते नाव पाहिले त्या रात्री मनात आले की मुंबईच्या गोदीतून इंग्रजांसाठी बांधलेले जहाज इथे आहे, मग ज्या जहाजांनी याच किनाऱ्यावर इंग्रज, डच आणि पोर्तुगीज यांना अर्धशतक सतावले ती कुठे आहेत? जगभरचे खेळाडू आपापल्या देशाचे रणगाडे, विमाने आणि जहाजे खेळात यावीत म्हणून त्यांची कल्पनाचित्रे आणि कोष्टके तयार करतात. मग रत्नागिरीच्या माणसाने आंग्र्यांची गुराब का करू नये?

कावळ्याची चोच

गुराब हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थ डोमकावळा. नाव कुणी ठेवले कोण जाणे, पण आकृती डोळ्यांपुढे आणली की ते पटते. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गुराबेचे तपशीलवार वर्णन केले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची. लांबीच्या मानाने रुंद, आणि मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली. विलायती जहाजाचा पुढचा भाग उंच आणि फुगीर असतो. गुराबेची नाळ मात्र चोचीसारखी लांब, खालच्या पातळीवर पुढे आलेली. समोरून लाट आली की पाणी त्या चोचीवर चढावे आणि दोन्ही बाजूंनी ओघळून जावे. चोच आणि मुख्य डेक यांच्यामध्ये लाकडी भिंत, आणि त्या भिंतीच्या खिडक्यांतून पुढे रोखलेल्या ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा. दोन्ही बाजूंना ६ ते ९ पौंडी तोफा. (पौंडी म्हणजे गोळ्याचे वजन, १२ पौंडी गोळा साडेपाच किलोच्या आसपास भरतो.)

या गुराबेची धाकटी बहीण म्हणजे गलबत. आज आपण कोणत्याही होडक्याला गलबत म्हणतो, पण तेव्हा ती लढाऊ नौकेची निराळी जात होती. मोठ्यात मोठे गलबत ७० टनांचे. डेक बहुधा चिरलेल्या बांबूंचा, म्हणजे वजन हलके. एक मोठे तिकोनी शीड, आणि ४० ते ५० भक्कम वल्ही. वारा पडला तरी ताशी चार मैल चालणारी ही चीज.

ऑर्म हा काही आंग्र्यांचा भाट नव्हे. तो त्यांना सरळ चाचे म्हणतो. म्हणूनच त्याने त्यांच्या जहाजांविषयी लिहिलेले बरे शब्द मी अधिक विश्वासाने घेतले. मित्राने केलेल्या स्तुतीला काही सूट द्यावी लागते. शत्रूने केलेली स्तुती रोख असते.

हिशेब मांडला तेव्हा

ही मापे घेऊन मी तीन डोलकाठ्यांच्या गुराबेचे कोष्टक मांडले. पुढे १२ पौंडी तोफा दोन. बाजूंना ९ पौंडी आठ-आठ. म्हणजे एका बाजूचा एकदम सुटणारा मारा ७२ पौंडांचा. आता ट्रिंकोमालीकडे पाहा. तिच्या मुख्य तोफांच्या डेकवर १८ पौंडी २८ तोफा, म्हणजे एका बाजूस १४, आणि त्यांचाच मारा २५२ पौंडांचा. एकास साडेतीन! वजन गुराबेचे ३०० टन, तिचे हजाराच्या वर. ट्रिंकोमाली आंग्र्यांच्या नंतर साठ वर्षांनी झाली हे खरे, पण खेळात सगळ्या काळांची जहाजे एकाच पाण्यात असतात. समोरासमोर लढत झाली तर गुराबेचा निकाल पाच मिनिटांत.

भाच्याला हे कोष्टक पाठवले. रात्री फोन आला.

“मामा, हे काय! आपलेच जहाज, आणि आपणच ते हरवायचे?”

“मी कुठे हरवले? आकडे जे आहेत ते आहेत.”

“चाळीस तोफा टाका. लाकडाची जाडी दुप्पट करा. सागवानच आहे, कोण विचारायला येणार आहे? समोरची मंडळी आपापल्या जहाजांना झुकते माप देतातच की.”

“अरे, पण ती गुराब राहील काय?”

“नाव गुराबच राहील ना! आपल्याकडची पोरे खेळताना तिच्यातून जिंकली पाहिजेत, मामा. आधीच कुणाला काही माहीत नाही. जे जहाज दर वेळी बुडते ते कोण घेईल?”

त्याचे बोलणे मी थट्टेवारी नेले नाही, कारण त्यात तथ्य होते. आपल्या मुलांना नेल्सन माहीत असतो. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले तोवर त्यांचा किनारा कुणाला जिंकता आला नव्हता, हे त्यांना सांगावे लागते. अशा मुलांच्या हाती आपले जहाज द्यायचे, आणि ते दुबळे द्यायचे? पण उलट बाजूही तितकीच खरी होती. वाढवून दिलेल्या गुणांनी वर चढलेला विद्यार्थी पुढच्या इयत्तेत काय करतो हे मी तीस वर्षे पाहिले आहे. आणि मुख्य गोष्ट अशी की गुराबेला चाळीस तोफा दिल्या तर आंग्रे जिंकले ते केवळ तोफा जास्त होत्या म्हणून, असे होईल. त्यांच्याजवळ तोफा कमी होत्या, लाकूड हलके होते, आणि तरीही डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे व्यापारी जहाज पकडले. तरीही फेब्रुवारी १७५४ मध्ये तुळाजीच्या आरमाराने ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन डच जहाजांशी एकाच वेळी झुंज घेतली, दोन मोठी जाळली आणि तिसरे धरून आणले. खोटे आकडे भरले तर या लोकांची अक्कल पुसली जाते. मी भाच्याला म्हटले, “चार दिवस थांब. यातून वाट निघते का पाहू.”

आज्ञापत्रातली वाट

वाट निघाली ती घरातल्या कपाटातून. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे. राज्य कसे चालवावे याचा तो मराठीतला नमुनेदार ग्रंथ, आणि त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. अमात्य सांगतात की गुराबा फार मोठ्या करू नयेत आणि फार लहानही करू नयेत, मध्यम असाव्यात. वाऱ्याशिवाय ज्यांचा उपयोग नाही अशी थोर जहाजे बांधण्याचे कारण नाही. या थोर जहाजांसाठी त्यांनी ‘फरगात’ असा शब्द वापरला आहे. फरगात म्हणजे फ्रिगेट! ट्रिंकोमालीच्या जातीचेच जहाज. म्हणजे आपल्याला फ्रिगेट बांधता आले नाही म्हणून गुराब बांधली असे नव्हे; फ्रिगेट डोळ्यांसमोर असताना, विचार करून, ती नको म्हटले होते.

त्याच प्रकरणात पुढे आरमाराच्या एका सुभ्याचे माप दिले आहे: पाच गुराबा आणि पंधरा गलबते. हे वाचले आणि मी पेन्सिल खाली ठेवली. मी एका जहाजाचे कोष्टक मांडत होतो, आणि अमात्य वीस जहाजांना एक धरून चालले होते!

आता हिशेब पुन्हा मांडा. गुराबेच्या दोन तोफा पुढच्या बाजूस का, याचे उत्तर इथे मिळते. मोठ्या जहाजाचे सारे बळ त्याच्या दोन कुशींत असते. पिछाडीकडे तोंड केलेल्या तोफा जेमतेम दोन-चार. आणि पिछाडीतून आत शिरलेला गोळा जहाजाच्या सबंध लांबीतून, वाटेत येईल ते मोडत जातो. पाच गुराबा मागून आल्या, तर पाच दुणे दहा तोफा, १२ पौंडांच्या हिशेबाने १२० पौंड, आणि समोरून उत्तर दोन-चार तोफांचे. ऑर्मनेही आंग्र्यांची रीत हीच सांगितली आहे. वारा पडला की गलबते वल्ही मारीत दोरांनी गुराबांना ओढून शत्रूच्या मागे नेत. गुराबा दुरून डोलकाठ्या आणि शिडे यांवर मारा करीत. जहाज लंगडे झाले की जवळ येऊन चहूकडून भडिमार, आणि तरीही ते शरण न आले तर दोनदोनशे-तीनतीनशे माणसांनी भरलेली गलबते एकाच क्षणी सर्व बाजूंनी भिडत.

आमच्या खेळात याला जागा आहे. प्रत्येक जहाजाला एक लढाऊ मूल्य असते, आणि बंदरासाठी होणाऱ्या लढाईत दोन्ही पक्षांच्या मूल्यांची बेरीज ठराविक मर्यादेत ठेवावी लागते. मोठे जहाज आणले की बेरीज लवकर भरते. गुराबेचे मूल्य तिच्या खऱ्या आकड्यांप्रमाणे कमीच राहणार, आणि म्हणूनच ती संख्येने जास्त आणता येणार. खोटेपणाने तोफा वाढवल्या असत्या तर हाच फायदा गेला असता. दुबळेपणा प्रामाणिकपणे लिहिला, तर तोच कामाला येतो.

नाखव्यांचा वारा

मग मी गलबताचे नियम लिहायला घेतले. वल्ह्यांनी चार मैल, पण किती वेळ? मोटारीसारखी वल्ही सतत चालत नाहीत. वल्ह्यांमागे माणसे असतात, त्यांना दम लागतो. म्हणून अर्ध्या तासाने वेग निम्म्यावर यावा, आणि थकलेल्या माणसांनी चढाई केली तर त्यांची ताकदही कमी धरावी, असे ठरवले. शिवाय लाट समोरून असेल तर गुराबेची चोच वरखाली होऊन पुढच्या तोफांचा नेम बिघडावा. भाच्याने कुरकुर केली, पण मान्य केले.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र मिरकरवाड्याच्या एका जुन्या नाखव्यांना विचारावे असे मनात आले. वय ऐंशीच्या घरात. आता मुलांच्या होड्यांना इंजिने आहेत, पण पोरवयात बापाबरोबर शिडावर गेलेले. त्यांना घरी बोलावून पडद्यावरचा समुद्र दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले.

“मास्तर, पाणी झकास केलेय. पण ह्या वाऱ्याला सकाळ-संध्याकाळ नाही काय?”

“म्हणजे, नाखवा?”

“आपल्याकडे थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई असतो, जमिनीवरून दर्याकडे. त्यावर आम्ही बाहेर पडायचो. ऊन चढले की तो मरतो. खारा वारा दुपारी सुटतो, त्यावर घरी. मधे तास-दोन तास दर्या तेलासारखा. तेव्हा शिडावर भरवसा ठेवील तो फसला. तेव्हा वल्हे.”

मी गणितातल्या सिद्धांताला पुरावा मिळाल्यासारखा त्यांच्याकडे पाहत राहिलो. आज्ञापत्रातले ‘वाऱ्याशिवाय उपयोग नसलेले जहाज’ आणि नाखव्यांचा तेलासारखा दर्या, ही एकच गोष्ट होती. आपल्या किनाऱ्यावर दिवसाच्या पोटात एक वेळ अशी येते की तिथे फ्रिगेट म्हणजे नुसती तरंगती वखार, आणि चाळीस वल्ह्यांचे गलबत राजा. गुराब ही या किनाऱ्याच्या वाऱ्याप्रमाणे बेतलेली वस्तू. तिला कॅरिबियनमध्ये नेऊन सोडली तर निम्मी गुराब इथेच राहिली.

म्हणून माझ्या प्रस्तावात जहाजाबरोबर समुद्रही आला. सुवर्णदुर्गापासून विजयदुर्गापर्यंतचा किनारा, पहाटेचा मतलई, सकाळची शांतता, दुपारचा खारा वारा. आणि खाड्या. आमची भाट्याची खाडी घ्या, जयगडला शास्त्री नदीचे मुख घ्या, पूर्णगडला मुचकुंदीचे, विजयदुर्गाला वाघोटनचे. मुखाशी वाळू, आत वळण, आणि वर किल्ल्याच्या तोफा. आमच्या खेळात उथळ पाण्याची बंदरे आहेतच. तिथे मोठ्या जहाजांना मज्जाव असतो. तोच नियम इथे लावला की पाठलागावर आलेले जहाज बाहेर घिरट्या घालणार आणि गुराब भरती साधून आत शिरणार.

बांधणीची किंमतही मी आज्ञापत्रावरूनच ठरवली. खेळात जहाज बांधायला लाकूड लागते आणि खेळाडू रान भराभर तोडतात. अमात्यांनी मात्र बजावले आहे की आंबा-फणसाचे लाकूड आरमाराला उपयोगी असले तरी त्याला हात लावू नये. कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. रत्नागिरीच्या माणसाला हे वाचून काय वाटते ते सांगायला नको. म्हणून आंब्याचे लाकूड वापरले तर जहाज स्वस्तात व्हावे, पण त्या बंदरातून खलाशी मिळेनासे व्हावेत, असा नियम मी घातला. भाच्याला तो सर्वांत आवडला.

एक अट काढायची की ठेवायची

राहता राहिली शेवटची गोष्ट. हे आरमार संपले कसे?

मार्च १७५५ च्या अखेरीस कमोडोर विल्यम जेम्स ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ घेऊन सुवर्णदुर्गावर आला. तुळाजीचे आरमार दक्षिणेकडे निघाले, आणि जयगडापर्यंत पाठलाग झाला. ऑर्म लिहितो की वाऱ्याचा प्रत्येक श्वास पकडावा म्हणून त्या खलाशांनी शिडांखेरीज अंगावरचे कपडे, पांघरुणे आणि पागोटीसुद्धा ताणून धरली होती. आरमार निसटले, सुवर्णदुर्ग मात्र एप्रिलच्या प्रारंभी पडला. या मोहिमेत जेम्सच्या बाजूला आणखी एक आरमार होते. तेही गुराबा-गलबतांचेच, तेही मराठ्यांचे. पेशवे नानासाहेब आणि तुळाजी यांचे बिनसले होते, आणि पेशव्यांचे कोकणातील सुभेदार रामाजी महादेव बिवलकर इंग्रजांशी हातमिळवणी करून आले होते.

फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजी तडजोडीसाठी पेशव्यांच्या छावणीत गेला होता. त्याचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. त्याचे आरमार किल्ल्याच्या आडोशाला, वाघोटनच्या पाण्यात, एकमेकांना लागून उभे होते. १२ फेब्रुवारीला इंग्रजांचा एक स्फोटक गोळा त्यातील ‘रेस्टोरेशन’वर पडला. हे जहाज पूर्वी आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच जिंकून घेतलेले. त्याने पेट घेतला, शेजारच्याने घेतला, आणि पाहता पाहता सारे आरमार जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. उघड्या समुद्रावर जे इंग्रज, डच आणि पोर्तुगीज यांच्या हाती लागले नाही, ते आपल्याच बंदरात, आपल्याच जहाजांच्या सोबतीत जळून गेले.

प्रस्तावात मी अट घातली होती की एकमेकांना लागून उभ्या केलेल्या गुराबा एकीची आग दुसरीला देतील. भाच्याने विचारले, “मामा, एवढी एक अट काढू या का? हलके लाकूड मान्य, कमी तोफा मान्य. पण हे बघवत नाही.”

मी म्हटले, “ठेवू या. ती काढली तर पोरे जहाजे बांधून ठेवायला शिकतील.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण पेशवे-आंग्रे बिनसल्याचा नियम कुठे घातलात?” त्याला मात्र माझ्या कोष्टकात रकाना नव्हता. वीस खेळाडू, वीस घरांत बसलेले. पाच जणांनी गुराबा घ्यायच्या, पंधरा जणांनी गलबते. गलबत घेणाऱ्याच्या नावावर शत्रूची जहाजे जमा होत नाहीत. त्याने नुसते दोर ओढायचे आणि वेळ आली की भिडायचे. पंधरा जण त्याला कबूल झाले तर ट्रिंकोमालीचे काही खरे नाही. न झाले तर पाच गुराबा म्हणजे पाच लाकडी पेटारे. याची किल्ली खेळाच्या कारखानदाराकडे नाही, खेळणाऱ्यांकडे आहे. आम्ही प्रस्ताव पाठवून दिला आहे, आकडे जसेच्या तसे. गुराब पडद्यावर केव्हा उतरते ते पाहायचे.

तोवर दिवाळी आली. आमच्या आळीतील मुलांनी यंदा सुवर्णदुर्ग केला आहे. मातीचा कोट, खाली पितळी परातीत पाणी, कोटावर पेरलेल्या अळिवाचे हिरवे गवत, आणि बुरुजांवर बाजारातून आणलेले मावळे. परवा त्यातील एक चिमुरडी माझ्याकडे रंगीत कागद घेऊन आली. “आजोबा, समुद्रात होड्या किती घालू?”

“पाच मोठ्या कर आणि पंधरा लहान,” मी म्हटले. “आणि हे बघ, एकमेकींना बांधू नकोस. सुट्या सोड.”